थंडीत जागी होणारी जुनी मोटार



दिवाळी सरली, कापसाची वेचणी निम्म्यावर आली आणि दोंडाईच्याच्या बाजारात लाल मिरचीचा ठसका उठू लागला, की आमच्या खान्देशात थंडी आली असं समजायचं. घरोघरी भरताची वांगी भाजली जातात, पहाटे चौकाचौकात शेकोट्या पेटतात. याच दिवसांत आणखी एक जमात जागी होते. ती म्हणजे जुन्या मोटारींचा नाद असलेल्यांची. मीही त्या जमातीतला. कविता आणि जुनी गाडी हे दोन्ही बिनपैशाचे, किंबहुना पैसे घालवणारे नाद. ते एकाच माणसाला जडले की घरच्यांना काय वाटत असेल ते सांगायला नको!

पण या नादाविषयी आज जरा गंभीरपणे बोलायचं आहे. जुनी मोटार म्हणजे राजेरजवाड्यांचा शौक, अशी पुष्कळांची समजूत आहे. तिच्यामागे विज्ञान आहे, कारागिरी आहे आणि आता एक अडचणही उभी राहिली आहे.

प्रथम थंडीचंच पाहू. कॅनडा, स्वीडनसारख्या बर्फाच्या मुलखात जुन्या गाड्यांचे शौकीन हिवाळा आला की गाडी कुलूपबंद करतात. तिथे रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकतात. मिठामुळे पाणी शून्य अंशाखालीही गोठत नाही, पण तेच खारं पाणी गाडीच्या पोटाला लागलं की पत्रा झपाट्यानं गंजतो. म्हणून तिथली मंडळी गाडी ठोकळ्यांवर चढवतात, बॅटरी सोडवून ठेवतात, टाकी भरून ठेवतात आणि वसंताची वाट पाहतात. आपल्याकडे हे सगळं नेमकं उलटं. आपला झाकून ठेवायचा ऋतू पावसाळा. काळ्या मातीची ओल, हवेतला दमटपणा आणि वायरी कुरतडणारे उंदीर, हे आपले तीन शत्रू. जाणता माणूस पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिक टाकत नाही, सुती कापड टाकतो. प्लॅस्टिकखाली वाफ कोंडते आणि गंज आतून सुरू होतो.

आणि उन्हाळा? आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या वर गेला, की जुन्या गाडीची नळीतल्या नळीत कोंडी होते. पेट्रोल पंपाकडे जाणाऱ्या नळीतच उकळून त्याची वाफ होते. जुना पंप द्रव ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही. गाडी भर रस्त्यात थांबते. जुने ड्रायव्हर ओलं फडकं पंपावर गुंडाळून पाच-दहा मिनिटं झाडाखाली बसत. पंप निवला की गाडी चालू. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीत तर, जी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या घरात बनली, पाणी फिरवायला पंपच नव्हता. गरम पाणी वर चढतं आणि गार पाणी खाली उतरतं, एवढ्या निसर्गनियमावर तिचं इंजिन थंड राहत असे. तिच्या पेट्रोलची टाकी होती सीटखाली. पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनात उतरायचं. त्यामुळे चढ फारच उभा असला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं, तर लोक गाडी उलटी फिरवून, मागे मागे चढ चढवीत!

अशा गाड्यांना हिवाळा मानवतो. सकाळी एवढीच कुरकुर असते, की इंजिनातलं ऑइल गारठ्यानं घट्ट झालेलं असतं आणि बॅटरीचा जोर कमी झालेला असतो. मग चोक ओढायचा. चोक म्हणजे हवेचं दार अर्धवट लोटून घेणं; हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणजे ठिणगी लवकर धरते. एकदा इंजिनानं ताल धरला, की हळूहळू चोक मागे सारायचा. म्हणूनच आपल्याकडचे व्हिंटेज गाड्यांचे मेळावे साधारण हिवाळ्यातच भरतात. दिल्ली आणि कोलकात्यात होणाऱ्या ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राच्या रॅलीची परंपरा १९६४ सालापासूनची. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्था गाड्या बाहेर काढते. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांनी जमवलेल्या गाड्यांचं संग्रहालय आहे. सुरतेहून पुढे जाणाऱ्यांनी ते एकदा जरूर पाहावं.

आता प्रश्न असा, की कोणती गाडी ‘व्हिंटेज’ म्हणायची? इंग्रजांची वाटणी काटेकोर आहे. १९०४ पर्यंतची गाडी ‘व्हेटरन’, १९१९ ते १९३० मधली ‘व्हिंटेज’. लंडन ते ब्रायटन ही त्यांची मोटारयात्रा नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी निघते आणि तीत १९०५ पूर्वीच्याच गाड्यांना प्रवेश असतो. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी इंग्लंडमध्ये मोटारींची वेगमर्यादा ताशी चार मैलांवरून चौदा मैलांवर गेली, त्या आनंदाची ती आठवण. आपल्या रॅल्यांत साधारणपणे १९३९ पर्यंतच्या गाड्यांना व्हिंटेज आणि त्यानंतरच्या काही दशकांच्या गाड्यांना क्लासिक म्हणतात. कायद्याची व्याख्या मात्र वेगळी आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये नियम केला. त्यानुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, ढाचा किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी अथवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नव्यानं नोंद होणाऱ्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. जुना क्रमांक असेल तर तो कायम राहतो. या वर्गात गाडी गेली, की ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

नियम चांगला आहे. निदान सरकारदरबारी जुन्या गाडीला भंगारापेक्षा वेगळं नाव मिळालं. पण त्यात एक फट राहिली आहे आणि आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी नव्यानं करावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये झालं. प्रदूषणाचा विचार करता जुन्या गाड्या कमी व्हाव्यात, हे सरकारचं म्हणणं खोटं नाही. ज्या गाड्या रोज धूर ओकत धावतात, त्या जायलाच हव्यात. पण विचार करा, वीस वर्षं आणि पन्नास वर्षं यांच्यामध्ये तीस वर्षांचा वनवास आहे. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती आली. ती व्हिंटेज ठरणार २०३३ सालानंतर. तोवर तिला सांभाळायचं कुणी? महाराजांच्या रोल्सरॉइसला वाडा असतो, नोकर असतात. मास्तरांच्या फियाटला काय असतं? एक पत्र्याची शेड, आणि ‘काढून टाका ना आता’ म्हणणारी मुलं.

खरं तर सामान्य माणसाचा इतिहास याच गाड्यांत आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे तिचीच झालेली पद्मिनी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. हजारो गाड्या होत्या, किती उरल्या? जीपचंही तेच. ज्या कंपनीची जीप आपण खेडोपाडी पाहिली, ती १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावानं सुरू झाली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. एका पाटीच्या बदललेल्या अक्षरांत केवढा काळ दडलेला असतो!

मग क्लब काय करतो, असं मला विचारतात. आमची तर आठ-दहा जणांची बैठक आहे. पण मोठा क्लब काय, छोटा काय, काम एकच: एकाकडे जादा असलेला सुटा भाग दुसऱ्याच्या गाडीला लावणं, मॅन्युअलच्या प्रती फिरवणं आणि जाणता मिस्तरी कुठं आहे याची खबर ठेवणं. यातलं तिसरं काम सर्वांत अवघड. पार्ट लेथवर बनवून घेता येतो, मिस्तरी बनवून मिळत नाही. जुन्या इंजिनात कथील मिसळलेला पांढरा धातू वितळवून, ओतून, मग हातानं खरवडून बेअरिंग बसवत. कमानपाट्याला किती बाक द्यायचा हे लोहार नजरेनं ठरवी. हुडाचं कापड शिंपी शिवी, दाराचा लाकडी सांगाडा सुतार बेतून देई. म्हणजे एका मोटारीत बारा बलुतेदारांपैकी निम्मे कामाला लागत. गॅरेजची भाषासुद्धा ऐका: पाना, पक्कड, उस्ताद, शागीर्द, बॉनेट, डिकी. मराठी, उर्दू आणि इंग्रजी एकाच ग्रीसच्या डब्यातून निघालेल्या. हे उस्ताद आता सत्तरी ओलांडत आहेत. त्यांचे शागीर्द संगणक लावून गाडीचा आजार शोधतात. कान लावून शोधायची विद्या पुढच्या पिढीला नको आहे, कारण तिच्यात पोट भरत नाही.

अलीकडे इथेनॉलची चिंता जोडली गेली आहे. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ऊस आणि मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, परदेशी तेलावरचा खर्च वाचतो. मी त्याच्या विरोधात नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की ते पाणी टाकीच्या तळाशी उतरतं आणि पत्रा आतून खातं. जुन्या रबरी नळ्या, कॉर्कची पॅकिंग त्यानं फुगतात किंवा चिरतात. उपाय आहे. नळ्या, पॅकिंग नव्या प्रकारच्या रबराच्या बसवा आणि पावसाळ्यापूर्वी टाकी व कार्बोरेटर रिकामे करून सुकवून ठेवा. इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत नसेल तर एवढं करणं आपल्या हाती आहे.

या थंडीत आमच्या गाड्या बाहेर निघतील. रस्त्यावर कुणी तरी अहिराणीत विचारील, ‘हाई गाडी आजून चालस का?’ चालते, दादा. पण ती चालती राहायची तर दोन गोष्टी कराव्या लागतील. घरच्या शेडमध्ये आजोबांची गाडी किंवा स्कूटर धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एखाद्या जाणत्याला दाखवा. आणि आरसी पुस्तक, जुनी बिलं, कागद जपून ठेवा, कारण कागद गेले तर पुढे मालकी सिद्ध करणंच जड जातं. दुसरी गोष्ट म्हणजे, आपल्या गावात जुना उस्ताद असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. तो काय करतो, कसं करतो, हे वहीत लिहून घ्या, मोबाइलवर टिपून घ्या. गाडीचा पत्रा पन्नास वर्षं टिकू शकतो. उस्तादाचं ज्ञान मात्र त्याच्याबरोबरच जातं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)