वाजवून, टोचून, तोलून : घरातल्या लाकडाची पारख

मडकं घेताना आपण काय करतो? बोटानं टिचकी मारून पाहतो. बद्द आवाज आला की मडकं परत. नारळ कानाशी हलवतो, कलिंगडावर थाप मारतो, साडीचा पदर उजेडात धरून पाहतो. फसायचं नाही, हा आपला बाणाच असतो. पण हजारो रुपयांचं कपाट किंवा मुलीच्या लग्नातला पलंग घ्यायची वेळ आली, की सनमायकाचा रंग पाहूनच आपण खूश! आणि ज्या तुळईखाली रोज रात्री मुलं झोपतात, तिच्याकडे तर वर्षानुवर्षं मान वर करून बघतही नाही. लाकूड म्हणजे पुरुषमंडळींचा नाहीतर सुताराचा विषय, असं मनात ठसलेलं असतं ना!

मैत्रिणींनो, लाकडाची परीक्षा करायला दंडात बळ लागत नाही. दाभण, सुतळी आणि किराणा तोलायचा काटा एवढं पुरतं. सेनगावसारख्या गावात तर ही परीक्षा यायलाच हवी. कारण आपल्याकडे एकाच गल्लीत माळवदाचं जुनं घर असतं, शेजारी पत्र्याचं असतं आणि पलीकडे नवा स्लॅब टाकून आत प्लायवूडचं फर्निचर केलेलं असतं. प्रत्येक घरातल्या लाकडाची तऱ्हा वेगळी, दुखणंही वेगळं.

शास्त्रज्ञ ही परीक्षा कशी करतात ते आधी थोडक्यात सांगते. देहरादूनला १९०६ सालापासून वनसंशोधन संस्था आहे. तिथे देशभरातल्या झाडांची लाकडं मोडून पाहिली गेली. हो, चक्क मोडून! दोन सेंटीमीटर रुंद, दोन सेंटीमीटर जाड आणि तीस सेंटीमीटर लांब असा तुकडा दोन आधारांवर आडवा ठेवायचा आणि मध्यावर हळूहळू भार वाढवत न्यायचा. किती भाराला किती वाकला आणि कितीला मोडला, याची नोंद करायची. शिवाय दाबून पाहायचं, चिरून पाहायचं, वरून वजन आपटून पाहायचं. मात्र यासाठी घेतलेला तुकडा गाठ नसलेला, भेग नसलेला, सरळ रेषांचा असतो. आपल्या घरातली तुळई काही अशी निवडून घेतलेली नसते. गाठ असली की तिथे लाकडाच्या रेषा वळतात आणि लाकूड दुबळं होतं. म्हणून तुळईच्या किंवा फळीच्या मध्यावर, खालच्या अंगाला मोठी गाठ दिसली तर ती नको म्हणा. वाकताना सगळा ताण तिथेच येतो.

या संस्थेनं सागाला शंभर गुण धरले आणि बाकीच्या लाकडांना सागाच्या तुलनेत गुण दिले. यातली गंमत अशी, की काही बाबतींत साग पहिला येतच नाही. कठीणपणात आपली बाभूळ त्याच्या पुढे आहे. म्हणून तर औताला आणि गाडीच्या चाकाला बाभूळ लागायची. मग दारं-खिडक्या बाभळीच्या का करत नाहीत? कारण ती जड, रंध्याला दाद न देणारी आणि वाळताना वाकडी होणारी. साग आकसतो कमी, वाळवीला सहसा बळी पडत नाही. सगळ्यात बळकट म्हणून नव्हे, तर सगळ्यात कमी त्रास देतो म्हणून साग मोठा, असं मी तरी म्हणेन. (असे लोक घरातही मोठेच असतात, पण ते असो.)

सागाचं हे कौतुक त्याच्या गाभ्याचं आहे बरं का. सालीजवळचा फिकट, पांढुरका भाग सागाचा असला तरी त्याला कीड लागते. आपल्याला किनवट-माहूरकडचा साग जवळचा, आणि बल्लारशाच्या सागवानाचं नाव तर सगळीकडे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान तिथूनच गेलं. पण दुकानदारानं नुसतं ‘बल्लारशा’ म्हटलं म्हणून हुरळून जाऊ नका. चौकटीला पॉलिश लावण्याआधी ती पाहा. एका कडेला पांढरा पट्टा दिसला तर तो भाग काढून द्यायला सांगा.

आता ओलीबद्दल. पावसाळ्यात दार फुगून बसतं आणि मे महिन्यात त्याच दारातून बोट जाईल एवढी फट पडते, हे आपण दरवर्षी पाहतो. ताज्या कापलेल्या लाकडात पाणी भरपूर असतं. ते वजनाच्या तीस टक्क्यांच्या खाली उतरायला लागलं की लाकूड आकसायला आणि पिळायला लागतं. म्हणून फर्निचरचं लाकूड दहा-बारा टक्क्यांपर्यंत वाळलेलं हवं. प्रयोगशाळेत तुकडा तोलतात, १०३ अंशांच्या भट्टीत पूर्ण वाळवतात आणि पुन्हा तोलतात. ५६० ग्रॅमचा तुकडा वाळून ५०० ग्रॅम झाला, तर पाणी ६० ग्रॅम, म्हणजे बारा टक्के. घरी एवढं काटेकोर जमणार नाही. पण सुताराकडून त्याच लाकडाचा वीतभर तुकडा मागून घ्या, तोला, कडक उन्हात ठेवा आणि रोज तोलत जा. चार-पाच दिवसांत वजन भराभर उतरलं तर लाकूड ओलं आहे. सुताराला सांगा, महिनाभर थांबू. तो कुरकुर करील. करू द्या.

आता सर्रास वापरतात ते प्लायवूड घ्या. दुकानात ‘वॉटरप्रूफ आहे, वहिनी’ हे वाक्य ठरलेलं. त्यावर विसंबू नका, फळीवर काय छापलंय ते वाचा. ‘एमआर’ म्हणजे दमट हवा सोसणारं. पाणी सोसणारं नव्हे. त्याच्या डिंकाची परीक्षा साठ अंशांच्या पाण्यात तीन तास. ‘बीडब्ल्यूआर’ची परीक्षा उकळत्या पाण्यात आठ तास. आणि आयएस ७१० हा क्रमांक असलेल्या मरीन प्लायची बहात्तर तास. कपड्यांच्या कपाटाला पहिलं चालेल, ओट्याखाली दुसरं हवं. सिंकच्या खाली मात्र तिसरंच घ्या, तिथे काटकसर नको. भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डला तर पाण्याजवळ जाऊच देऊ नका. एकदा फुगला की तो पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही.

आयएसआयच्या चौकोनी खुणेवर आयएस क्रमांक असतो आणि खाली परवान्याचा क्रमांक. नुसती खूण असेल आणि खाली क्रमांक नसेल तर संशय घ्या. ही संस्था १९४७ सालची. १९८७ पासून तिचं नाव भारतीय मानक ब्युरो झालं. त्यांच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरच्या ॲपमध्ये परवान्याचा क्रमांक घातला की तो खरा की खोटा ते कळतं. हे काम शाळेत जाणारी पोरंसुद्धा करून देतात.

शिवाय एक घरगुती परीक्षा. प्लायचा उरलेला तुकडा घ्या आणि पटाशीनं त्याचे थर उचकटून पाहा. थर सुटताना लाकडाच्या शिरा फाटून दोन्ही बाजूंना चिकटून राहिल्या तर डिंक चांगला. पापड सुटावा तसे थर गुळगुळीत सुटले तर माल परत करा. शंका उरलीच तर दुसरा तुकडा चुलीवर जुन्या डब्यात तासन् तास उकळा. गॅसवर नको, सिलिंडर परवडायचा नाही. आणि त्या डब्यात पुन्हा खाण्याचं काही शिजवू नका, कारण त्या डिंकात रसायनं असतात.

फळीची जाडीही बघून घ्या. बारा मिलिमीटरऐवजी अठरा मिलिमीटरची फळी घेतली तर ती दीडपट नव्हे, तिपटीहून जास्त ताठ असते. उलट दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं आणि मध्ये तेवढंच वजन ठेवलं तर वाक आठपट होतो. माळ्यावर हळदीची नाहीतर सोयाबीनची पोती चढवणार असाल तर लांबलचक फळीला मध्ये एक आधार मागून घ्या.

विकतच्या लाकडाबद्दल एवढं पुरे. आता डोक्यावरचं.

माळवदाचं घर उन्हाळ्यात गार, हे खरंच सुख. पण वरची माती किती जड असते याचा कधी हिशेब केलाय? एक फूट जाडीच्या मातीचं वजन दर चौरस फुटाला पंचेचाळीस किलोच्या आसपास भरतं. दहा बाय बाराच्या खोलीवर म्हणजे सुमारे साडेपाच टन, आणि हे कोरडं असताना! पावसात भिजली की आणखी वाढलं. शिवाय दरवर्षी मृगाआधी गळती थांबवायला आपण नवी माती टाकतो, जुनी काही काढत नाही. आजेसासऱ्यांच्या काळी फूटभर असलेला थर आज दोन फूट असेल, तर तुळई मात्र तीच, आणि तीही म्हातारी झालेली. अमेरिकेत मॅडिसन इथे १९१० पासून लाकडाची प्रयोगशाळा आहे. थोडा वेळ भार ठेवून लाकूड जेवढ्याला मोडतं, त्याच्या सुमारे साठ टक्के भारही दहा वर्षं सतत राहिला तर ते मोडू शकतं, असं तिथल्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा युक्तिवाद लाकडापुढे चालत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाड्यात कोण विसरेल? दगडामातीच्या भिंती आणि वर माळवदाचं ओझं, याखाली हजारो माणसं गेली. आपल्या हिंगोली जिल्ह्यातही २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला सकाळी धक्के बसले, दोन्ही ४.५ रिश्टरचे. मार्चच्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेडच्या प्रशासनानं पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्यायला सांगितलं होतं. पत्र्याचं घर असेल तर ते आजच करा.

आणि माळवद असेल तर मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा तुळया तपासा. शिडी पक्की धरायला कुणीतरी खाली असू द्या. पहिल्यांदा वाजवा. वरवंट्यासारख्या जड वस्तूनं नको, हातोडीच्या दांड्यानं हलकेच. खणखणीत आवाज आला तर बरं. भोपळ्यासारखा पोकळ आला तर तिथे खडूनं खूण करा. मग दाभण टोचा. निरोगी लाकडात ते जेमतेम टोकभर शिरतं; कुजलेल्यात भाकरीत बोट जावं तसं आत जातं. शंका आली तर दाभणानं एक ढलपी उचकटा. कड्‌कन आवाज होऊन लांब ढलपी निघाली तर लाकूड जिवंत आहे. आवाज न होता आखूड तुकडा पडला तर आतून कूज लागली आहे.

तुळईचा मधला भाग तपासून थांबू नका. टोकं जिथे भिंतीत गेलीत तिथेच बहुतेक दुखणं असतं, कारण भिंतीची ओल तिथे मुरते आणि वारा लागत नाही. मोरीच्या भिंतीकडची आणि गळतीखालची टोकं आधी पाहा. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून चढलेल्या दिसल्या तर वाळवी. खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर किडा. नळी नुसती झाडून टाकून समाधान मानू नका, वाळवी दुसऱ्या वाटेनं येते.

शेवटी सुतळी. तुळईच्या खालच्या अंगाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी घट्ट ताणा. मध्यावर तुळई सुतळीच्या खाली किती उतरली आहे ते मोजपट्टीनं बघा आणि खांबावर पेन्सिलीनं तारखेसह लिहून ठेवा. दहा फुटांच्या तुळईला सव्वा सेंटीमीटरपर्यंतचा वाक ठीक. जुन्या तुळईत तो जास्त असू शकतो, पण वाढत असेल तर ते लक्षण वाईट. पावसाळ्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी असले, की घरातले ‘तुला उगाच शंका’ म्हणायचे थांबतात, हा लिहून ठेवण्याचा आणखी एक फायदा.

नागपंचमीचा झोका किंवा बाळाचा पाळणा तुळईला बांधण्याआधी हीच परीक्षा करा. हळूच ठेवलेल्या वजनापेक्षा एकदम पडलेलं वजन तुळईला दुप्पट लागतं, आणि पोरं झोक्यावर हळू कुठे बसतात?

तुळई पोकळ निघाली तर स्वतः माती उपसायला चढू नका. एकीकडची माती आधी काढली तर भार एका बाजूला कलतो. मिस्त्रीला बोलवा. आधी तुळईखाली जाड वाशाचे टेकू देऊ द्या, टेकूच्या बुडाशी फळी घालायला सांगा म्हणजे ते जमिनीत रुतणार नाहीत, आणि मगच दोन्ही बाजूंनी सारखी माती उतरवायला लावा. तोवर त्या खोलीत अंथरुणं घालू नका.