बेसबॉलमधील उपेक्षित शॉर्टस्टॉप : नोंदी आणि मूल्यमापन यांचा प्रश्न

प्रस्तावना

बेसबॉल हा अमेरिकेत आकड्यांच्या आधारे सर्वाधिक चर्चिला जाणारा खेळ होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेन्री चॅडविक या पत्रकाराने सामन्याचा तक्ता रूढ केला. तेव्हापासून फटके, धावा आणि चुका यांची नोंद सातत्याने होत आली आहे. एवढी सामग्री हाताशी असूनही ‘इतिहासातील सर्वांत उपेक्षित शॉर्टस्टॉप कोण?’ या प्रश्नावर अभ्यासक व रसिक यांच्यात एकमत होत नाही. या मतभेदाचे मूळ खेळाडूंच्या गुणावगुणांपेक्षा नोंदींच्या स्वरूपात अधिक आहे. हे काही ठळक उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शॉर्टस्टॉपचे कार्य

बेसबॉलच्या मैदानाचा आतील भाग म्हणजे 90 फूट बाजू असलेला चौरस. एका कोपऱ्यावर बॅटर उभा असतो, तर उरलेल्या तीन कोपऱ्यांवर पहिला, दुसरा व तिसरा बेस असतो. शॉर्टस्टॉप दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या दरम्यान उभा राहतो. त्याच्या वाट्याला स्वतःचा असा बेस नसतो. बहुसंख्य बॅटर उजव्या हाताने खेळतात व त्यांचे जमिनीलगतचे फटके बहुधा याच बाजूला येतात. असा चेंडू गाठणे, उचलणे आणि बॅटर धावत पोहोचण्यापूर्वी तो दूरच्या पहिल्या बेसकडे फेकणे, हे सर्व त्याला काही क्षणांत करावे लागते. म्हणूनच या जागेसाठी संघ फलंदाजीतील उणीव काही प्रमाणात पत्करतात.

जुन्या पद्धतीत क्षेत्ररक्षणाचे मोजमाप प्रामुख्याने चुकांवरून होत असे. हाती आलेल्या संधींपैकी किती संधी निर्दोषपणे पार पडल्या, एवढेच त्यातून कळते. जो खेळाडू चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या नावावर चूक लागत नाही. जो धावत जाऊन चेंडू गाठतो आणि ज्याच्या हातून तो निसटतो, त्याच्या नावावर मात्र लागते. म्हणजे संथ खेळाडू निर्दोष आणि चपळ खेळाडू सदोष ठरण्याचा धोका या पद्धतीतच दडलेला आहे. क्रिकेटच्या जाणकारास हे वेगळे सांगावयास नको. कव्हरमध्ये अडवलेला चौकार धावफलकावर कोठेच दिसत नाही. 1970 च्या दशकात बिल जेम्स यांनी प्रत्येक सामन्यात खेळाडूने किती बाद घडविण्यात हात लावला हे मोजण्याचा आग्रह धरला, तेव्हा या त्रुटीकडे व्यापक लक्ष गेले. पुढे फलंदाजी व क्षेत्ररक्षण यांची एकत्र गोळाबेरीज करून, सहज उपलब्ध होणाऱ्या पर्यायी खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती विजय अधिक मिळवून दिले याचा अंदाज काढला जाऊ लागला. या निर्देशांकास संक्षेपाने ‘वॉर’ म्हणतात.

बिल डालेन : हजार चुकांचा धनी

या दृष्टीने बिल डालेन यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. 1891 ते 1911 या काळात ते शिकागो, ब्रुकलिन, न्यूयॉर्क व बोस्टन या संघांकडून खेळले. 1894 मध्ये त्यांनी सलग 42 सामन्यांत किमान एक यशस्वी फटका मारला. ब्रुकलिनच्या 1899 व 1900 च्या आणि न्यूयॉर्कच्या 1904 व 1905 च्या विजेत्या संघांत ते होते. त्यांच्या नावावर हजाराहून अधिक चुका आहेत. हा आकडा आजच्या वाचकास चकित करतो. तथापि त्या काळचे हातमोजे लहान होते, मैदाने ओबडधोबड होती आणि बॅटर चेंडू न लागता बाद होण्याचे प्रमाण आजच्यापेक्षा बरेच कमी असल्याने शॉर्टस्टॉपकडे येणारे चेंडूही अधिक होते. शिवाय शॉर्टस्टॉप म्हणून त्यांच्या फेकींवर झालेले बाद साडेसात हजारांच्या घरात जातात. ‘बेसबॉल रेफरन्स’ या संकेतस्थळाच्या गणनेनुसार त्यांचा वॉर 75 च्या आसपास आहे.

असे असूनही कूपरस्टाऊनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान नाही. या संस्थेसाठीचे पहिले मतदान 1936 मध्ये झाले, म्हणजे डालेन निवृत्त झाल्यानंतर 25 वर्षांनी. त्यांचा खेळ प्रत्यक्ष पाहिलेले मतदार तोवर विरळ झाले असावेत. याउलट त्यांचे समकालीन जो टिंकर 1946 मध्ये निवडले गेले. 1910 च्या एका वृत्तपत्रीय कवितेत त्यांचे नाव आल्याचा त्या निवडीत मोठा वाटा होता, असे मानले जाते. आकड्यांच्या खेळात कविता निर्णायक ठरावी हे मोठे गमतीचे आहे. डिसेंबर 2012 मधील समितीच्या मतदानात डालेन यांना 16 पैकी 10 मते मिळाली. आवश्यक होती 12. हॉलबाहेर राहिलेल्या जुन्या शॉर्टस्टॉपमध्ये त्यांचा दावा सर्वांत भक्कम वाटतो. मात्र चित्रफिती नसलेल्या काळातील क्षेत्ररक्षणाचे अंदाज स्थूल असतात, हे ध्यानात घेऊनच तो मांडावयास हवा.

बेलँजर आणि ट्रॅमेल

मार्क बेलँजर यांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. बाल्टिमोर ओरिओल्सच्या या सडपातळ खेळाडूची फलंदाजीची सरासरी 0.228, म्हणजे हजार प्रयत्नांत 228 यशस्वी फटके, इतकी कमी होती. त्यांना आठ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाले आणि क्षेत्ररक्षणाने वाचविलेल्या धावांच्या आधुनिक अंदाजांत त्यांचे नाव ओझी स्मिथ यांच्या बरोबरीने येते. स्मिथ यांच्या कोलांट्या व झेपा प्रेक्षकांच्या स्मरणात राहिल्या. बेलँजर चेंडू येण्याआधीच योग्य जागी उभे असत. त्यामुळे अवघड काम सोपे दिसे. जे सोपे दिसते ते लोकांच्या लक्षात राहत नाही. हॉलच्या मतदानात ते 5 टक्क्यांची किमान मर्यादाही गाठू शकले नाहीत. स्मिथ यांची फलंदाजी त्यांच्यापेक्षा सरस होती हे खरे आणि बेलँजर हॉलमध्ये असावेतच असा आग्रह धरणे कठीण आहे. परंतु पहिल्याच फेरीत वगळले जावेत इतके ते सामान्य निश्चितच नव्हते.

डेट्रॉइटचे ॲलन ट्रॅमेल यांच्याकडे दोन्ही गुण होते. त्यांनी 1977 ते 1996 अशी वीस वर्षे एकाच संघाकडून 2,365 यशस्वी फटके मारले, चार गोल्ड ग्लव्ह मिळविले आणि 1984 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ते सर्वोत्तम खेळाडू ठरले. 1987 मध्ये 0.343 सरासरी, 28 होम रन व 105 धावांची भर अशी कामगिरी करूनही वार्षिक सर्वोत्तम खेळाडूचा मान थोड्या मतांनी टोरोंटोच्या जॉर्ज बेल यांना मिळाला. वास्तविक त्या हंगामाच्या अखेरच्या तीन सामन्यांत डेट्रॉइटने टोरोंटोलाच हरवून गटविजेतेपद पटकाविले होते. 2002 मध्ये ट्रॅमेल यांचे नाव हॉलच्या मतपत्रिकेवर प्रथमच आले. त्याच वर्षी ओझी स्मिथ 90 टक्क्यांहून अधिक मतांनी निवडले गेले, ट्रॅमेल यांना मात्र 16 टक्केही मते मिळाली नाहीत. दोघांच्या वॉरमधील अंतर (स्मिथ सुमारे 77, ट्रॅमेल सुमारे 71) एवढ्या तफावतीचे समर्थन करीत नाही. मधल्या काळात ॲलेक्स रॉड्रिग्ज, नोमार गार्सियापारा व डेरेक जीटर यांनी शॉर्टस्टॉपकडून होम रनची अपेक्षा वाढविली होती. तिच्यापुढे ट्रॅमेल यांचे कारकिर्दीतील 185 होम रन थिटे भासले. पंधरा वर्षांच्या मतदानात त्यांना 41 टक्क्यांपर्यंतही मजल मारता आली नाही. अखेर डिसेंबर 2017 मध्ये समितीने त्यांची निवड केली. अनेक वर्षे त्यांच्या शेजारी दुसऱ्या बेसजवळ खेळलेले लू व्हिटाकर 2001 मध्ये 3 टक्क्यांहून कमी मते मिळून मतपत्रिकेवरून बाद झाले होते.

जीटर यांची कथा नेमकी उलट आहे. त्यांच्या चुका कमी असत आणि त्यांना पाच गोल्ड ग्लव्ह मिळाले. तथापि आधुनिक मोजमापांत त्यांची चेंडू गाठण्याची कक्षा तोकडी ठरते. फलंदाज म्हणून त्यांचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. 2020 मध्ये त्यांना 397 पैकी 396 मते मिळाली.

नोंदीच नसलेले खेळाडू

वरील चर्चा ज्यांच्या नोंदी आहेत त्यांच्यापुरतीच झाली. वर्णभेदामुळे 1947 पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची दारे बंद होती आणि त्यांच्या स्वतंत्र लीगच्या नोंदी विखुरलेल्या व अपुऱ्या होत्या. पॉप लॉइड (1977) व विली वेल्स (1997) हे शॉर्टस्टॉप उशिरा का होईना हॉलमध्ये आले. डिक लंडी मात्र बाहेरच राहिले. खेळाडू व व्यवस्थापक या दुहेरी नात्याने त्यांनी 1926 व 1927 मध्ये अटलांटिक सिटीच्या बॅकरॅक जायंट्सला कृष्णवर्णीयांच्या वर्ल्ड सिरीजपर्यंत नेले होते. 2006 च्या विशेष निवडीतही त्यांचे नाव वगळले गेले.

डिसेंबर 2020 मध्ये मेजर लीग बेसबॉलने 1920 ते 1948 या काळातील सात कृष्णवर्णीय लीगना मेजर दर्जा दिला व 2024 मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट केले. लंडी यांच्यासारख्यांची तुलना आता काहीशी शक्य झाली आहे. ग्रँट ‘होम रन’ जॉन्सन यांच्या बाबतीत तसे नाही. 1890 च्या दशकाच्या मध्यास बड फाउलर यांच्यासमवेत मिशिगनमधील एड्रियन येथे ‘पेज फेन्स जायंट्स’ हा संघ उभारणारा हा शॉर्टस्टॉप 1920 पूर्वीच्या पिढीचा होता. डिसेंबर 2021 मध्ये समितीपुढे डालेन, फाउलर व जॉन्सन या तिघांचीही नावे होती. निवड झाली ती फाउलर यांची.