पिंजऱ्यातला माणूस

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री मेळघाटातल्या पाणवठ्यावर मचाणात बसलेल्याला मध्यरात्रीच्या सुमारास एक गोष्ट लख्ख कळते: मोकळे आहे ते जनावर, अडकलेले आहोत ते आपण. अस्वलाने यावे, हवे तितके पाणी प्यावे, हव्या त्या वाटेने निघून जावे. आपण मात्र खोकलासुद्धा गिळून माळ्यावर अंग आखडून बसायचे. वऱ्हाडाला ही उलटापालट ओळखीची आहे. मुशी, मोरी ही शार्कची नावे आपल्याकडे कोकणातून ऐकून माहीत. खारे पाणी म्हणजे पूर्णाकाठची विहीर. पण मचाणावरचे हे शहाणपण समुद्रातल्या सर्वांत भीतिदायक जनावरापुढे वापरायचे कसे, हे ज्याने शोधले त्याची कथा इथे बसूनही चांगली कळते.

रॉडनी फॉक्स दक्षिण ऑस्ट्रेलियातला. वय २३, धंदा विमा विकण्याचा आणि वेड समुद्रात बुडी मारून भाल्याने मासे टिपण्याचे. ८ डिसेंबर १९६३, रविवार. अ‍ॅडलेडच्या दक्षिणेला अल्डिंगाच्या किनाऱ्यावर राज्य अजिंक्यपदाची स्पर्धा रंगात आली होती. प्रत्येकाच्या कमरेला लांब दोरी, दोरीच्या टोकाला तरंगा आणि त्या तरंग्याला मारलेली मासळी अडकवलेली. तिचे रक्त तासन्‌तास पाण्यात झिरपत होते. फॉक्सने एका माशावर नेम धरला. भाला-बंदुकीचा घोडा दाबणार, तोच भोवतीचे पाणी विलक्षण निःशब्द झाले, आणि आगगाडीने उडवावे तसा तडाखा त्याच्या डाव्या कुशीत बसला.

ग्रेट व्हाइट शार्कने त्याला छातीपासून पाठीपर्यंत जबड्यात पकडले होते. फॉक्सने चाचपडत त्याच्या डोळ्यांत बोटे खुपसली. पकड ढिली झाली. पण त्याला दूर लोटायला पुढे केलेला उजवा हात थेट दातांत गेला. तो ओरबाडून निघाला तेव्हा हाडे दिसत होती. कसाबसा वर येऊन त्याने एक श्वास घेतला. खाली पाहिले, तर लाल झालेल्या पाण्यातून तोच जबडा पुन्हा वर येत होता. या वेळी शार्कने माणूस सोडला आणि मासळीचा तरंगा गिळला. दोरी मात्र माणसाच्या कमरेलाच होती! फॉक्स खोल खेचला जाऊ लागला. पट्ट्याचा खटका बोटांना सापडेना. छाती फुटायच्या बेताला आली आणि दोरी तुटली. बहुधा त्याच दातांनी कापली गेली असावी.

जवळच एक होडी होती, म्हणून तो किनाऱ्याला लागला. बरगड्या चुरडल्या होत्या, फुप्फुस फाटले होते, पोट उघडे पडले होते. त्याच्या अंगातला रबरी पोशाख कोणी उतरवला नाही. त्या घट्ट पोशाखानेच आतले अवयव जागच्या जागी धरून ठेवले. डॉक्टरांनी ४६२ टाके घातले.

असा माणूस पुन्हा समुद्राकडे पाहील, असे कोणाला वाटले असेल? फॉक्स काही महिन्यांतच पाण्यात उतरला. पण प्रत्येक सावलीत त्याला तो जबडा दिसे. आणि भीतीहून अधिक एक प्रश्न त्याला कुरतडत राहिला: आपल्याला ज्याने धरले, तो होता तरी कसा? उत्तर द्यायला कोणी नव्हते. ग्रेट व्हाइट लोकांनी पाहिला होता तो गळाला लागलेला, किनाऱ्यावर उलटा टांगलेला, मेलेला. जिवंतपणी पाण्याखाली त्याचे चित्रण कोणीच केले नव्हते. समुद्र-संशोधक कुस्तोच्या पाणबुड्यांनी इतर शार्कांसाठी पिंजरा वापरला होता. या राक्षसापुढे कॅमेरा धरायची मात्र कोणाची टाप नव्हती.

मग एके दिवशी प्राणिसंग्रहालयात तो सिंहाच्या पिंजऱ्यापुढे उभा राहिला. आपणही लहानपणी नागपूरच्या महाराजबागेत वाघाच्या गजांपुढे असेच उभे राहिलो आहोत, आणि आपल्याला त्यातून काहीही सुचले नाही. फॉक्सला सुचले. गजांच्या आतली आणि बाहेरची बाजू त्याच्या मनात अदलाबदल झाली. सिंह आत आणि माणूस मोकळा. समुद्रात हेच उलट करायचे! शार्क हिंडू दे मोकळा, माणूसच कोंडून घ्यायचा.

१९६५ मध्ये लोखंडी पिंजरा तयार झाला आणि त्याच्यासोबत निघालेली मंडळी पिंजऱ्याहून विलक्षण होती. ब्रायन रॉजर याचा पाय १९६१ मध्ये याच अल्डिंगाला शार्कने फाडला होता. हेन्री बूर्स सॅक्सोफोन वाजवणारा. १९६४ मध्ये त्याचा एक पाय शार्कने नेला. म्हणजे तीन पाणबुडे, आणि तिघेही शार्कच्या तोंडातून सुटलेले. वाट दाखवायला होता आल्फ डीन. समुद्रापासून दूर, मरे नदीकाठच्या मिल्ड्युराचा हा द्राक्षबागायतदार गळाने प्रचंड शार्क पकडण्यात जगप्रसिद्ध होता. १९५९ मध्ये त्याने १,२०८ किलोंचा ग्रेट व्हाइट ओढून काढला होता. कॅमेरा होता रॉन टेलरच्या हाती.

अशा मोहिमेत थरार थोडा, ताटकळणे फार. रक्त आणि मासळीचे तेल पाण्यात सोडत राहायचे आणि त्या तेलकट पट्ट्याकडे डोळे लावून बसायचे. आणि मग काहीही आवाज न करता पाणी एका जागी गडद होते. टेलरच्या फितीवर अखेर तो उतरला: काळाभोर, पापणी नसल्यासारखा डोळा, पांढरेफटक पोट, शेपटीचा एकच संथ फटकारा. ज्याने आपल्याला जवळजवळ खाल्ले, त्याला फॉक्स आता समोरासमोर पाहत होता.

पिंजऱ्याभोवतीच्या अनुभवातून एक कोडे पुढे आले. समोर मांस टांगलेले असूनही हे शार्क कधी कधी लोखंडालाच चावायला धावत. शार्कच्या नाकाडावर बारीक छिद्रे असतात. त्यांतून त्याला अत्यंत क्षीण वीजप्रवाह जाणवतो, आणि खाऱ्या पाण्यात धातू असा प्रवाह निर्माण करतो. गजांचा चावा रागाचा नव्हता, चाचपणीचा होता.

पुढे न्यूयॉर्कचा चित्रपटकार पीटर गिंबेल एका झपाटलेल्या मोहिमेवर निघाला. १९६९ मध्ये दरबानच्या किनाऱ्यापासून हिंदी महासागर पालथा घालत त्याची टोळी ग्रेट व्हाइटच्या मागे फिरली. रॉन आणि त्याची पत्नी व्हॅलेरी बरोबर होते. मारलेल्या देवमाशांच्या कलेवरांवर तुटून पडणाऱ्या शार्कांच्या घोळक्यात ते पिंजऱ्याचे दार उघडून बाहेरही आले. धाडस अचाट, चित्रण अपूर्व. पण ज्याच्यासाठी निघाले, तो काही दिसेना. महिने गेले, पैसा गेला. शेवटी सगळे फॉक्सच्या दारी आले, आणि १९७० च्या आरंभी ऑस्ट्रेलियातल्या डेंजरस रीफपाशी तो पांढरा राक्षस पिंजऱ्यांना धडका देत आला. १९७१ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘ब्लू वॉटर, व्हाइट डेथ’चा कळस तोच.

१९७४ मध्ये ‘जॉज’ चित्रपटासाठी खरा शार्क हवा होता. शार्क अवाढव्य दिसावा म्हणून निर्मात्यांनी युक्ती काढली: पिंजरा लहान करायचा आणि आत बुटका माणूस बसवायचा. कार्ल रिझो नावाचा स्टंटमन आला. फॉक्स आणि टेलर दांपत्य त्याला पाण्याखालचे तंत्र शिकवत होते. पण तो आत उतरण्याआधीच एक शार्क रिकाम्या पिंजऱ्याच्या तारांत अडकला. त्याने असे काही थैमान घातले की होडी हेलकावली, लोखंड मोडले आणि पिंजरा तळाला गेला. कॅमेरा चालूच होता. रिझो पुन्हा पाण्यात उतरायला राजी नव्हता. त्याला कोण दोष देईल! ते दृश्य इतके जबरदस्त होते की ते वापरता यावे म्हणून पटकथाच बदलली. मूळ कथेत पिंजऱ्यात मरणारा संशोधक हूपर वाचला, कारण चित्रणात पिंजरा रिकामा होता.

चित्रपट गाजला आणि शार्क मारण्याची लाटच आली. तेव्हा शार्कच्या बाजूने बोलायला जी मोजकी माणसे उभी राहिली, त्यांत फॉक्स होता. सभेत कोणी विचारले की तो शर्ट वर करी. डाव्या कुशीवर जबड्याची अर्धवर्तुळाकार खूण दिसे. उजव्या मनगटात दाताचा एक तुकडा रुतून बसला होता, तो तिथेच राहिला.