लिहिलं म्हणजे लिहिलं

मे महिन्यात वर्ध्याजवळच्या नालवाडीत वावधन सुटलं की आधी पत्रे वाजतात, मग लाइन जाते. अशाच एका दुपारी यूपीएसची बॅटरीही आटली होती. सर्व्हर पुन्हा सुरू केला तेव्हा पडद्यावर ‘सेव्ह झालं’ असं दिसलेली शेवटची नोंद एसएसडीत नव्हतीच. तेव्हापासून ड्राइव्ह घेताना मी आधी त्यातले कपॅसिटर पाहतो.

दुकानदार व्यवहार लगेच किर्दीत टाकतो, खतावणी मागाहून. फाइल सिस्टीमचंही तसंच. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये 2001 साली सुरू झालेली झेडएफएस साधारण दर 5 सेकंदांनी खतावणी करते. पण डेटाबेसने ‘आत्ताच पक्कं लिही’ म्हटलं तर नोंद आधी किर्दीत जाते. ही कीर्द वेगळ्या ड्राइव्हवर ठेवली की तिला स्लॉग म्हणतात. तिच्यावर रात्रंदिवस लिहिलं जातं. ती वाचायची वेळ येते फक्त मशीन अचानक बंद पडल्यावर, आणि तेव्हा तिच्यात एक ओळही कमी असून चालत नाही.

एसएसडी आलेली माहिती आधी स्वतःच्या रॅममध्ये घेतो, मग फ्लॅशमध्ये उतरवतो. या मधल्या वेळेत वीज गेली तर? त्याहून वाईट म्हणजे फ्लॅशच्या एकाच पेशीत अनेक बिट राहतात. नवा बिट लिहिताना वीज तुटली, तर त्याच पेशीत आधी नीट लिहिलेलाही बिघडू शकतो. आजची ओळ लिहिताना कालचीही पुसली जावी, तसं. 2013 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी 5 कंपन्यांचे 15 एसएसडी मुद्दाम वीज तोडून तपासले, त्यांतल्या 13 मध्ये बिघाड दिसला.

सर्व्हरसाठीच्या चांगल्या ड्राइव्हच्या सर्किट बोर्डावर कपॅसिटरची रांग असते. व्होल्टेज पडताच कंट्रोलर नवं काम थांबवतो आणि साठवलेल्या विजेवर रॅममधली माहिती, तिच्या पत्त्यांच्या तक्त्यासकट, फ्लॅशमध्ये उतरवतो. एवढी हमी पाठीशी असल्यामुळे असा ड्राइव्ह ‘लिहिलं’ हे उत्तर लगेच आणि खरेपणाने देऊ शकतो. साध्या ड्राइव्हला दर वेळी फ्लॅशपर्यंत जाऊन यावं लागतं. म्हणून वेगासाठीही मी कपॅसिटरवालाच घ्या म्हणेन. आकार छोटा चालतो: 1 गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला फार तर 125 मेगाबाइट येतात आणि दर काही सेकंदांनी खतावणी होते, त्यामुळे किर्दीला 2 गिगाबाइटही पुरतात.

कपॅसिटरला मात्र उष्णता सोसत नाही, आणि वर्ध्याचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांच्या वर जातो. बरेचसे ड्राइव्ह आपले कपॅसिटर स्वतःच तपासून निकाल ‘स्मार्ट’ या ड्राइव्हच्या स्व-तपासणीच्या यादीत नोंदवतात. होळी झाली की मी ती यादी उघडतो, आणि यूपीएसची बॅटरीही बदलतो.