बिदरच्या बाजारातील रशियन रोजेदार

परमुलखात गेलेल्या मनुष्याजवळचे पैसे संपले तर तो उसने मागू शकतो. वाट चुकली तर कोणास विचारू शकतो. परंतु त्याचे वार-तिथीच हरवली तर त्याने काय करावे? सन १४७० च्या सुमारास बहामनी राज्याच्या राजधानीत, बिदरच्या बाजारात, अशा अडचणीत सापडलेला एक परदेशी वावरत होता. रशियातील त्वेर शहरचा हा व्यापारी. नाव अफनासी निकितीन.

व्होल्गा नदीच्या मुखाजवळ लुटारूंनी त्याला नागविले. मालाबरोबर धर्मग्रंथही गेले. पुढे इराणमार्गे होर्मुझ बंदर गाठून, एक घोडा घेऊन तो समुद्रमार्गे चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर सोन्याची हजार नाणी. न बदललास तर घोडा गेलाच, शिवाय हजार नाण्यांचा दंड! एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून निकितीन त्यातून सुटला.

तेथून तो बिदरला पोहोचला. बाजारात घोडे, किनखाप, रेशीम सारे होते. हबशी गुलामांचीही विक्री चाले, हे त्याने नोंदविले आहे. मात्र रशियात नेऊन विकावे असे काही त्याला मिळाले नाही. सरदार ऐश्वर्यात लोळतात आणि खेड्यातील माणसे फार दरिद्री आहेत, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. राज्याचा कारभार त्या वेळी महमूद गवानाच्या हाती होता. तोही मूळचा इराणातील गिलान प्रांताचा, व्यापारासाठी इकडे आलेला. त्याने १४७२ मध्ये पुरा केलेला मदरसा आणि हमरस्त्यांच्या चौकातील चौबारा आजही बिदरला उभे आहेत.

आता तिथीच्या अडचणीकडे वळू. ख्रिस्ती लोकांचा ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. त्याचे गणित ग्रंथांतील कोष्टकांवाचून जमत नाही. रमजानचे तसे नाही. चंद्रकोर दिसली की महिना सुरू आणि पुढची कोर दिसली की ईद. आपल्या पंचांगात अधिक मास धरून चांद्रवर्षाचा सौरवर्षाशी मेळ घालतात. हिजरी वर्ष मात्र निव्वळ ३५४-३५५ दिवसांचे. म्हणून रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. ईस्टर बैरामच्या नऊ-दहा दिवस आधी येत असावा, असा निकितीनने अंदाज बांधला. एखाद्या वर्षापुरता तो जुळेल. पुढील वर्षी तो फसणारच.

परंतु रमजान कधी लागला हे कळण्यास ग्रंथ लागत नाही. बाजारच ते सांगतो. आजही बिदरच्या वा कलबुर्गीच्या पेठेत या महिन्यात जाऊन पाहावे. दुपारी उपाहारगृहांवर पडदे असतात, दुकानदार मंदावलेला असतो. सूर्यास्ताच्या सुमारास खजूर, फळे आणि भजी यांभोवती गर्दी लोटते. मग अजान होताच रस्ता क्षणभर ओस पडतो. रात्रीच्या तरावीह नमाजानंतर कापड, चपला, बांगड्या यांची दुकाने गजबजतात. परक्या पाहुण्याने दिवसा चव्हाट्यावर खाणेपिणे टाळावे आणि मोठी खरेदी रात्रीवर ठेवावी. एवढ्याने तो परका राहत नाही. कोणी रोजा सोडताना खजूर पुढे केला, तर तो घ्यावा.

निकितीनने याहून पुढचे पाऊल टाकले. ईस्टर कधी ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणून आपण मुसलमानांबरोबर त्यांचा उपवास धरला आणि त्यांच्याबरोबरच सोडला, असे तो लिहितो. ईस्टर त्याने आपल्या अंदाजाने कलबुर्ग्यात पाळला. बिदरच्या हिंदूंनाही त्याने आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत हे सांगितले होते. त्यानंतर त्यांनी आपले खाणेपिणे वा पूजाअर्चा त्याच्यापासून लपविली नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जुन्नरला सत्तेने धमकी आणि सोने दोन्ही पुढे केले, तरी हा मनुष्य बधला नाही. बिदरला मात्र तो आपण होऊन शेजाऱ्यांबरोबर उपाशी राहिला. धर्म त्याने सोडला नाही. आपण त्यापासून ढळत तर नाही ना, या चिंतेने तो वारंवार देवाची करुणा भाकतो. ती चिंताही खरी होती आणि ती सोबतही खरी होती.

घरी परतणे त्याच्या नशिबी नव्हते. स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच वाटेत त्याला मरण आले. त्याची टिपणे मात्र १४७५ मध्ये मॉस्कोला पोहोचली. विकण्याजोगा माल बिदरहून त्याने नेला नाही. पण तेथल्या माणसांचा वृत्तांत मात्र त्याच्या देशापर्यंत गेला.