घोळक्यातला मासा

पाऊसकाळ सरला, शिवनेचं गढूळ पाणी निवळून डोहात थांबलं, की काठाशी उकिडवं बसावं, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, आणि जरा धीर धरावा. आधी नुसते खडे दिसतात. मग खड्यांवरून बारीक सावल्या सरकताना दिसतात, आणि सावलीवरून नजर वर न्यावी तर बोटाएवढ्या माशांचा घोळका, सगळ्यांची तोंडं धारेकडं! ही शिवना कन्नडच्या डोंगरात उगवते, आपल्या देवगाव रंगारीच्या भागातून लासूरकडं उतरते आणि पुढं गोदावरीला मिळते. म्हणजे आपल्या डोहातलं मासोळीचं पिल्लूही गोदावरीच्या मोठ्या गोतावळ्यातलंच, बरं का.

या गोतावळ्याची नोंद करायला एक इंग्रज अधिकारी दख्खनभर हिंडला होता, कर्नल साइक्स त्याचं नाव. नेमणूक झाली होती मुलखाची आकडेवारी गोळा करायला, पण गड्याला पाखरांचा आणि माशांचा भारी नाद. १८३९ साली त्यानं इथल्या नद्यांतल्या माशांची यादी छापली, तेव्हा मळ्या, खुद्री, अळकूट, फुलंगी ही आपल्या माणसांच्या तोंडची नावंच त्यानं शास्त्रीय नावांत बसवून टाकली. त्यातली काही आजतागायत जगभर चालतात. त्यातली फुलंगी म्हणजे कार्पच्या जातीची मासोळी. दुकानात जो पट्टेरी डॅनिओ मिळतो, झेब्रा मासा म्हणतात तो, तोही असाच कायम सोबतीनं फिरणारा, चपळ.

आता खरी नवलाई ऐका. लेझीमचा ताफा एका तालात वळायचा तर हलगी लागते, पुढं एखादा जाणता लागतो. या घोळक्याला ना हलगी, ना पुढारी. प्रत्येक मासा फक्त शेजाऱ्यांकडं बघतो. फार जवळ आला तर सरकायचं, लांब गेला तर गाठायचं, आणि तो वळला की वळायचं, एवढ्यावर सगळा घोळका एकाच अंगानं वळल्यासारखा वळतो. हे नुसत्या डोळ्यांनीच होतं असंही नाही. माशाच्या कुशीकडं नीट निरखून बघा, कल्ल्यापासून शेपटीकडं बारीक टिंबांची एक रेघ गेलेली असते. प्रत्येक टिंब म्हणजे खवल्यातलं एक भोक, आणि आत पाण्याचा हेलकावा ओळखणारी रचना. शेजाऱ्यानं शेपटी हलवली की तो धक्का या रेघेला कळतो. १९७६ साली काही संशोधकांनी एका समुद्री माशाचे डोळे तात्पुरते झाकले आणि त्याला घोळक्यात सोडलं, तरी तो पठ्ठ्या बाकीच्यांबरोबर बिनचूक पोहत राहिला!

मधमाश्यांचा नाच उलगडणारा कार्ल फॉन फ्रिश तुम्ही ऐकला असेल, १९७३ चं नोबेल त्याला मिळालं. त्यानंच १९३८ साली माशांची एक गोष्ट सांगितली. जखम झालेला एक छोटा मासा त्यानं परत त्याच्या सोबत्यांत सोडला, तर थोड्या वेळात सगळा घोळका भेदरून पांगला. कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याचा वास बाकीच्यांना ‘पळा’ म्हणून सांगतो. म्हणून टाकीत मासा धरताना जाळी मऊ हवी आणि हात सावकाश. एकाला खरचटलं की बाकीचे कोपऱ्यात दडून बसतात, आणि आपण मात्र खाणं बदलत बसतो.

आता यातला एकच मासा घरच्या काचेच्या टाकीत ठेवला तर काय होईल, विचार करा. इकडं नजर, तिकडं नजर, पाठीला सोबती नाही. तो झाडाआड दबून राहतो, रंग उतरतो, खाणंही सोडतो. खवलीसारखे बार्ब मासे तर दोघा-तिघांतच ठेवले की शेजारच्या एंजल माशाचे लांब पर कुरतडायला लागतात. तेच आठ-दहा असले की त्यांची सगळी खोडी आपसातल्या पाठलागात जिरते. दुकानदार ‘जोडी न्या’ म्हणतो, ते मला मुळीच पटत नाही. चार जातींच्या चार जोड्या आणण्यापेक्षा एकाच जातीचे आठ आणावेत.

पाण्याचं म्हणाल, तर आपल्याकडं काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड. निऑन टेट्रा दिसायला देखणा, पण त्याचं मूळ घर ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं, तिथलं पाणी मऊ आणि कुजल्या पानांनी तपकिरी. आपल्या जड पाण्यात डॅनिओ आणि बार्ब जास्त सुखानं राहतात. आणि टाकी भरली की त्याच दिवशी मासे सोडायची घाई नको. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी; त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जीवाणू वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तो स्पंज नळाखाली खळखळून धुतला तर क्लोरीननं ती वस्ती मरते. टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. लाइट गेली की पंप बंद पडतो, म्हणून उंच टाकीपेक्षा पसरट टाकी बरी, तिच्या पाण्याला हवा जास्त भिडते.

या पट्टेरी डॅनिओचा जीव किती चिवट म्हणावा! त्याच्या काळजाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत ते भरून येतं, हे २००२ साली प्रसिद्ध झालं, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही याच माशाच्या काळजावर अभ्यास चालतो. असा मासा स्वस्तात मिळतो म्हणून त्याला एकटा डांबू नका. दोन फूट लांब, फूटभर रुंद टाकी, तळाला वाळू, मागं थोडी झाडं, पुढं पळायला मोकळं पाणी, दहा-बारा डॅनिओ, आणि वर झाकण, कारण हा पठ्ठ्या उडी मारतो.