वीस किलोमीटरवरची सफारी

आठवीच्या वर्गात गवताळ प्रदेशांचा पाठ चालू होता. मुलींना मसाई मारातला एक छोटा माहितीपट दाखवला. सिंह, जिराफ, आणि लाल चादर पांघरून, हातात काठी घेऊन गुरांमागे चालणारे उंचपुरे मसाई. तो संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "आपा, अपने इधर ऐसा कुछ नै क्या?"

आहे, आणि सोलापूरपासून फक्त वीस किलोमीटरवर आहे, असं मी सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. खरं सांगायचं तर मी स्वतःही ते माळरान बार्शीच्या एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेलं. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तीन शिक्षिका, चौतीस मुली आणि काही पालक डबे बांधून नान्नजला निघालो.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. तेव्हा त्याचं क्षेत्र होतं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली कितीतरी गावं आणि शेतं त्यात आली. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली, लोक हैराण झाले. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो माळढोक म्हणजे मीटरभर उंचीचा पक्षी. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत भरतं. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. आज देशात रानावर जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसणं ही नशिबाची गोष्ट. आम्हाला दिसला नाही.

काळवीट मात्र पोटभर दिसले. पिळाच्या शिंगांचा काळा नर आणि त्याच्यामागे तपकिरी माद्यांचा कळप. एकीने उडी घेतली तशा सगळ्याच उड्या मारत गेल्या आणि आमच्या मुली "माशाअल्लाह!" म्हणून ओरडल्या. वनरक्षकांनी हसत तोंडावर बोट ठेवलं. एक खोकड बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेलं होतं. कुसळी गवताने सगळ्यांच्या ओढण्या भरून गेल्या.

"इथं झाडं का नाही लावत?" एका पालकांनी विचारलं. वनरक्षक म्हणाले, "हाच गैरसमज आहे. माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे. माळढोकाला, काळविटाला लांबवर दिसायला हवं, म्हणजे शत्रू कळतो. इथं दाट झाडं लावली तर त्यांचं घरच मोडतं." आपण ज्याला पडीक म्हणतो ते कुणाचं तरी नांदतं घर असतं, हे मुलींनी वहीत लिहून घेतलं.

परतताना रस्त्यालगत, तूर काढलेल्या एका शेतात धनगरांचा तळ दिसला. बस थांबवली. एक तट्टू, दोन कुत्री, डालग्याखाली झाकलेली कोकरं, मेंढरं कोंडायची वाघर, तीन दगडांची चूल. सांगोल्याकडचं कुटुंब होतं. शेतकरी त्यांची मेंढरं रात्री शेतात बसवून घेतो. जमिनीला लेंडीखत मिळतं, यांना धान्य किंवा पैसे. घरातल्या मावशींनी काळी घोंगडी पसरली आणि शेळीच्या दुधाचा चहा ठेवला. आमच्या बुरख्यांकडे बघून त्या म्हणाल्या, "ईदला बाजारात भेटता. रानात आजच आलात बगा."

मला एकदम अवघडल्यासारखं झालं. दरवर्षी बकरी ईदच्या आधी आपण यांच्याकडूनच जनावर घेतो. दात बघतो, घासाघीस करतो, पाचशे रुपये कमी केले की खूश होऊन घरी येतो. ते जनावर कुठे चरलं, कुणी पावसात उभं राहून राखलं, हे कधी विचारलेलं नसतं.

त्या दिवशी विचारलं. लोकरीला आता भाव नाही, म्हणून जाड लोकरीच्या काळ्या दख्खनी मेंढ्या कमी होत चालल्यात. लांडगा येतो का? "येतो की. मागल्या म्हैन्यात कोकरू न्हेलं. त्यालाबी प्वाट हाय, पर आमालाबी हाय." चारा? "पयलं समदा माळ मोकळा हुता. आता हिकडं कुंपण, तिकडं ऊस. जायाचं कुटं?"

वनरक्षकांचंही म्हणणं ऐकलं होतं. पावसाळ्यात पक्षी जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा मेंढरं आणि कुत्री आली तर अंडं वाचत नाही. दोघांचंही खरं आहे. पण निर्णय घेताना मेंढपाळाला कुणी बोलवत नाही. मसाईंच्या बाबतीतही असंच घडलं. टांझानियातल्या सेरेंगेटीत त्यांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या चरत होती. तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९५९ साली त्यांना तिथून उठून शेजारच्या न्गोरोंगोरोत जावं लागलं. लाल चादरीमागची ही हकीकत आमच्या माहितीपटात नव्हती. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष गवताळ कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. निदान त्या निमित्ताने तरी या लोकांचं ऐकून घेतलं जावं.

मावशींची बारा-तेरा वर्षांची मुलगी मेंढरांपाशी उभी होती. चौथीनंतर शाळा सुटली. तळ हलतो, शाळा हलत नाही. आमच्या मुलींनी विचारलं, "किती मेंढ्या आहेत?" ती म्हणाली, "मोजत न्हाई आमी." मग एखादी हरवली तर कसं कळतं? ती हसली. "त्वांड दिसलं न्हाई की कळतं." मग तिनेच मला विचारलं, "तुमी पोरी मोजता का वो बाई?"

मी हो म्हणाले आणि गप्प झाले. माझ्या वर्गातली एक मुलगी तीन आठवड्यांपासून येत नव्हती. हजेरीपटावर मी रोज तिच्या नावापुढे खूण करत होते. आकडा बरोबर लागत होता, पण ती का येत नाही हे मी शोधलं नव्हतं.

सगळ्या नबींनी मेंढरं राखली, खुद्द हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनीही मक्केवाल्यांची बकरी चारली, हे आपण मुलांना शिकवतो. प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला त्याच्या कळपाबद्दल विचारलं जाणार, ही हदीस तर मी स्वतः कितीदा फळ्यावर लिहिली असेल. तिचा अर्थ त्या तुरीच्या रानात कळला.

वाचकहो, थंडीत एकदा मुलांना घेऊन नान्नजला जरूर जा. आधी वनखात्याला विचारा, सकाळी लवकर पोचा, भडक कपडे आणि गोंगाट टाळा. वाटेत धनगरांचा तळ लागला तर फोटो काढण्याआधी परवानगी घ्या आणि सलाम-रामराम करून दोन घटका बसा.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. आई आजारी होती. धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती विड्या वळायला बसलेली होती. मला पाहून उठली आणि रडायला लागली. तिच्या खालाला बोलावून घेतलं, बसून बोललो, सकाळची सोय लागली. गुरुवारी ती वर्गात आली. त्या दिवसापासून मी हजेरीपट उघडण्याआधी एकदा सगळ्यांची तोंडं पाहून घेते.